क्रॉकेटची टोपी आणि क्रॉकेटचे मत

डेव्हिड क्रॉकेट म्हटले की अस्वले, रॅकूनच्या कातड्याची टोपी आणि अलामो एवढेच आठवावे, या व्यवस्थेची सुरुवात त्याच्या हयातीतच झाली होती. १८३१ मध्ये पॉल्डिंगच्या ‘द लायन ऑफ द वेस्ट’ या नाटकातील निम्रॉड वाइल्डफायरमध्ये प्रेक्षकांनी क्रॉकेटच ओळखला. पुढे त्याच्या नावाच्या पंचांगांनी थापांची भर घातली आणि १९५४-५५ मध्ये डिस्नेने उरलेसुरले उरकले. या गदारोळात लोकप्रतिनिधी क्रॉकेट हरवला.

१८२१ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळात आणि १८२७ मध्ये काँग्रेसमध्ये पोहोचलेल्या या माणसाचा ध्यास एकच होता: पश्चिम टेनेसीत मालकीच्या कागदाशिवाय जमीन कसणाऱ्या गरिबांना ती मिळावी. त्याचे विधेयक त्याच्या हयातीत मंजूर झाले नाही. १८३० मध्ये इंडियनांच्या हकालपट्टीचा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाला, तेव्हा टेनेसीच्या सदस्यांपैकी विरोधी मत देणारा तो एकटा. अध्यक्ष जॅक्सनही टेनेसीचाच! पुढच्याच वर्षी क्रॉकेट निवडणूक हरला.

त्याच्या १८३४ च्या आत्मचरित्राला ‘निरक्षर रानमाणसाचा उत्स्फूर्त आवाज’ म्हणून कुरवाळणाऱ्या समीक्षेविषयी मला म्हणूनच चीड आहे. हे कौतुक नव्हे, ही वरून खाली पाहण्याची रीत आहे. केंटकीचा काँग्रेस-सदस्य टॉमस चिल्टन याच्या साहाय्याने सिद्ध झालेले ते पुस्तक म्हणजे जॅक्सनवर नेम धरलेले राजकीय लेखन आहे. त्यातले अडाणीपण हा मतदारांसाठी घेतलेला वेश आहे. तो ओळखण्याऐवजी आपण त्याला अस्सलपणाचा दाखला देऊन टाकतो.

पण त्या एका मतावरून त्याला संत ठरवणारेही पुस्तक अर्धवटच वाचतात. १८१३ च्या टॅलुशॅची येथील कत्तलीत क्रॉकेट जॅक्सनच्याच सैन्यात होता. शेहेचाळीस योद्ध्यांसह जाळलेल्या घराच्या तळघरातील बटाटे, जळालेल्या माणसांच्या चरबीत शिजलेले, भुकेल्या सैनिकांनी दुसऱ्या दिवशी खाल्ले, हे तोच सांगतो. पश्चात्तापाचा शब्द नाही. त्याच पुस्तकात पुढे १८३० च्या मताविषयीचा अभिमान आहे. या दोन उताऱ्यांमधील सुमारे सतरा वर्षांविषयी निवेदक काय बोलतो आणि काय गिळतो, ते वर्गात दोन्ही उतारे समोरासमोर ठेवून विचारायला हवे. टोपीचे नंतर पाहू.