फुकटची भर

आमच्या शाळेमागचं मैदान खोलगट होतं. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचायचं. तीन वर्षांपूर्वी एका रात्री डंपर आले, काळी वाळू ओतून गेले आणि सकाळी जेसीबीने सगळं सपाट झालं. संस्थेच्या बैठकीत आनंदीआनंद. मुरूम घ्यायला पैसे नव्हते आणि कुणीतरी फुकट भर घालून दिली होती. आभाराचा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो.

कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला ही वाळू काय आहे, हे सांगावं लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत लोखंडाच्या ओतकामाचे कारखाने आहेत. सिलिका वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळून साचा करतात. त्यात वितळलेलं लोखंड ओततात. साचा फोडला की तीच वाळू पुन्हा वापरतात. पण दर फेरीत काही कण जळतात, फुटतात आणि शेवटी ती साच्याच्या कामाची राहत नाही. काही वाळूत माती-कोळशाऐवजी फिनॉलिक किंवा फ्युरान रेझिन असतं.

या भट्ट्यांशी आपला संबंध जवळचा आहे. तिथं वितळणारं भंगार गोळा करणारे, तोडणारे, तोलणारे बरेचसे आपल्याच मोहल्ल्यातले. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे वडील मोल्डिंगला आहेत, काहींचे फेटलिंगला. लोखंडाचा तुकडान् तुकडा पुन्हा भट्टीत जातो. वाळूला मात्र वाली नाही. ती जुन्या खाणीत जाते, रस्त्याकडेला जाते, आमच्या मैदानात येते.

आता दुसरीकडे बघा. शहराच्या कचरा डेपोला झाकायला माती मिळत नाही. घनकचऱ्याच्या २००० आणि २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं की टाकलेला कचरा दिवसाअखेर किमान १० सेंटिमीटर माती, राडारोडा किंवा बांधकाम साहित्याने झाकावा आणि पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटिमीटरचा थर द्यावा. झाकण नसलं की माश्या, कुत्री, दुर्गंधी आणि आग. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं, तेव्हा धुराने मुंबईचं आकाश भरलं होतं आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

झाकायचं तर माती लागते. दोन मीटर कचऱ्यावर दहा सेंटिमीटर माती म्हणजे डेपोची जवळपास पाच टक्के जागा मातीच खाणार. ती माती येणार डोंगर पोखरून. म्हणजे डोंगर जातो, डेपो लवकर भरतो आणि कारखान्याची वाळू तिसरीच जागा अडवून बसते. मातीऐवजी तीच वाळू झाकायला वापरली तर तिन्हीकडे बचत होते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परवानगी घेऊन हे केलं जातं. बेंटोनाइट असलेली वाळू दाबली की पाणीही सहज झिरपू देत नाही.

मग हे इथं का होत नाही? कारण डेपोवर न्यायची तर तपासावी लागेल, वेगळी ठेवावी लागेल, नोंद करावी लागेल. मैदानात टाकायला एक रात्र पुरते. मी भाषेचा शिक्षक आहे. एखाद्या ढिगाला 'कचरा' म्हटलं की नियम मागे लागतात. 'भर' म्हटलं की विचारणारा उरत नाही आणि 'पुनर्वापर' म्हटलं की सत्कार होतो. वाळू तीच.

काही जण अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१४ च्या अभ्यासाचा दाखला देतात की ही वाळू सुरक्षित ठरली आहे. तो अभ्यास लोखंड, पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या भट्ट्यांतल्या सिलिका वाळूचा होता आणि ठराविक वापरांपुरता होता. पितळेच्या भट्टीची वाळू त्यात नव्हती, कारण तिथं शिशासारख्या धातूंचा प्रश्न येतो. आमच्या मैदानावर कोणत्या भट्टीची वाळू आहे, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. ती विषारी आहे असा माझा आरोप नाही. ती तपासलीच नाही, हा माझा आरोप आहे.

दुसरी बाजू म्हणते, डेपोचं आयुष्य वाढवूच नका, डेपो बंद करा. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, त्यांचा राग मला समजतो. पण एक डेपो बंद झाला की दुसरा उघडतो आणि तो कलेक्टरच्या बंगल्याशेजारी उघडत नाही. देवनारच्या कुशीतल्या शिवाजीनगरात १९७० च्या दशकात इतर ठिकाणच्या झोपड्या हलवून माणसं वसवली गेली. आधी कचरा होता, नंतर त्याच्या शेजारी गरीब आणून ठेवले. म्हणून आहे तो डेपो नीट चालवणं, ओला कचरा तिथं जाऊच न देणं आणि उरलेला झाकणं यातच पुढच्या वस्तीचा बचाव आहे. मात्र वाढवलेल्या आयुष्याला शेवटची तारीख असली पाहिजे. नाहीतर वाळू हे कधीच बंद न करण्याचं निमित्त होईल.

तिसरा दोष आपला. वुजूचं पाणीसुद्धा जपून वापरा, इस्राफ करू नका, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कमाई हलाल आहे का, हे विचारतो. मटण कुठून आणलं, हे विचारतो. दारात फुकट पडलेली भर कुठून आली, हे विचारायला मात्र आपल्याला लाज वाटते, कारण देणारा ओळखीचा असतो आणि मुलं गरिबांची असतात.

उन्हाळ्यात आमची मुलं कबड्डी खेळून येतात तेव्हा त्यांचे पांढरे मोजे राखाडी झालेले असतात. फेटलिंगला जाणाऱ्या बापाला सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होऊ शकतो, तो बरा होत नाही, हे त्याला माहीत आहे. निदान त्याला त्याची मजुरी मिळते. पोराला ती धूळ कशासाठी?

माझ्या मागण्या तीन आहेत. मैदानावरच्या वाळूची प्रयोगशाळेत तपासणी करून अहवाल फलकावर लावावा. कारखान्यांनी रेझिनची आणि मातीची वाळू वेगळी ठेवावी, आधी तिथल्या तिथं शुद्ध करून पुन्हा वापरावी आणि उरलेली कुठं गेली याची नोंद उघड करावी. तपासून योग्य ठरलेली वाळू महापालिकेने डेपो झाकायला घ्यावी, वाहतुकीचा खर्च कारखान्याने द्यावा.

अर्ज मराठीत आणि उर्दूत लिहून तयार आहे. आभाराच्या ठरावाला आम्ही अकरा जणांनी हात वर केले होते. अर्जावर आत्तापर्यंत दोन सह्या झाल्यात, त्यातली एक माझी.