पेरील त्याचे बियाणे

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने तयार केलेला ‘कमला’ आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘पुसा डीएसटी राइस १’ हे ते दोन वाण होत. जनुक-संपादनाच्या तंत्राने ते सिद्ध झाले आहेत. शास्त्रज्ञांचे कौतुक झाले आणि ते यथायोग्यच झाले. परंतु त्या कौतुकात एक साधा प्रश्न मागे पडला. हे बियाणे उद्या कळंबच्या शेतकऱ्याच्या हाती पडले, तर पुढल्या हंगामासाठी ते त्याला कणगीत राखून ठेवता येईल काय? शेजाऱ्याने मागितले तर पायलीभर देता येईल काय?

शहरातील सुशिक्षित वाचकाला कर्जत तालुका ठाऊक असतो तो माथेरानच्या गाडीमुळे, पावसाळी धबधब्यांमुळे आणि अलीकडे शेतघरांमुळे. नेरळहून आत कळंबकडे वळले म्हणजे मात्र भातखाचरांचा आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांचा मुलूख लागतो. येथे राब भाजायचा, आवण टाकायचे, लावणी करायची आणि झोडणीनंतर चांगल्या लोंब्यांचे दाणे बियाण्यासाठी बाजूला काढायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. भात हे स्वपरागित पीक असल्यामुळे घरचे बी पेरले तरी त्याचे गुण बहुतांशी टिकतात. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. सरळ वाणाच्या भाताला ती सक्ती नाही. गरीब शेतकऱ्याचे स्वातंत्र्य ह्या एका नैसर्गिक गोष्टीवर उभे आहे.

ह्याच तालुक्यात कर्जतला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ असे त्याचे वाण कोकणात नाव मिळवून आहेत. सार्वजनिक पैशातून संशोधन व्हावे आणि त्याचे फळ शेतकऱ्याने पेरून, राखून, वाटून वाढवावे, असा हा अलिखित करार होता. पुढेमागे ह्याच वाणांमध्ये जनुक-संपादनाने सुधारणा करावी असे कोणाच्या मनात आले, तर तो करार टिकेल काय, हा आमचा प्रश्न आहे.

तंत्र थोडक्यात असे. पेशीतील जनुकद्रव्य नेमक्या जागी कातरून वनस्पतीच्या गुणांत पालट घडविता येतो. बीटी कापसात बाहेरचे जनुक घातलेले असते. ह्या नव्या भातात तसे परके जनुक राहत नाही. म्हणून मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा वाणांना जैवसुरक्षेच्या कडक नियमांतून सूट दिली. ज्या ‘क्रिस्पर’ कात्रीने हे काम होते तिच्या शोधाबद्दल २०२० साली दोन विदुषींना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कात्रीचे मूळ पेटंट-हक्क मात्र परदेशी विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या हाती आहेत. दाणा आपला, खाचर आपले, शास्त्रज्ञ आपला, कात्री दुसऱ्याची!

आपला कायदा ह्या बाबतीत अगदीच दुबळा आहे असे मुळीच नाही. १९७० च्या पेटंट कायद्याचे तिसरे कलम वनस्पती, बियाणे आणि वाण ह्यांना पेटंट नाकारते. जागतिक व्यापाराच्या करारामुळे वाणांना काही संरक्षण देणे भाग पडले, तेव्हा संसदेने २००१ साली वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्कांचा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या ३९व्या कलमाने संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. अट एवढीच की छापील ब्रँडखाली ते विकू नये. वाण घडविणाऱ्या शेतकऱ्यालाही ह्या कायद्याने पैदासकाराचा मान दिला. अशी उदार तरतूद फार थोड्या देशांत सापडेल.

ह्या हक्काची परीक्षा २०१९ मध्ये झाली. पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या आपल्या नोंदणीकृत वाणाची लागवड केल्याबद्दल गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले. काहींकडून तर प्रत्येकी कोटी रुपयांवर भरपाई मागितली. देशभर गिल्ला झाल्यावर दावे मागे घेण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये वाण प्राधिकरणाने ती नोंदणीच रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरविला. कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा असूनही चारपाच एकरांच्या धन्याला कचेरीची पायरी चढावी लागली, हा त्यातील धडा आहे.

खरी अडचण पुढेच आहे. बियाण्याला पेटंट नाही. पण ते घडविण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळू शकते, आणि पेटंट कायद्याच्या ४८व्या कलमाप्रमाणे त्या प्रक्रियेतून थेट निघालेल्या मालावरही हक्क पोहोचतो. म्हणजे पुढचे दार बंद आणि मागचे किलकिले! हे दार कितपत उघडते ह्याचा निवाडा बीटी कापसाच्या खटल्यात व्हायला हवा होता. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मोन्सान्टोचे पेटंट अग्राह्य ठरविले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला परत पाठविला, आणि २०२१ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. तंटा मिटला; कायद्याचा प्रश्न तसाच राहिला.

संशोधकाला मोबदला मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत खपणाऱ्याच्या बुद्धीचे मोल समाजाने केलेच पाहिजे. ते न केल्यास संशोधन थांबेल, हे पेटंटवाद्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मग बुद्धीचे मोल सर्वांच्याच बुद्धीला लागू करावे लागेल. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या हेरल्या, निवडून पेरल्या, आणि लोकप्रिय घड्याळाच्या नावाने ‘एचएमटी’ तांदूळ बाजारात गाजला. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ ह्या नावाने वाण प्रसृत केला. आपण वाणाचे शुद्धीकरण केले, असे विद्यापीठ म्हणत राहिले. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला खरा. तथापि जून २०१८ मध्ये दादाजी गेले ते आर्थिक विपन्नावस्थेतच. ज्याच्याजवळ वकील असतो त्याचे ते संशोधन आणि ज्याच्याजवळ विळा असतो त्याचा तो योगायोग, हा न्याय नव्हे.

म्हणून सरकारने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, नवे जनुक-संपादित भात खाचरात उतरण्यापूर्वी पेटंटधारकांशी झालेल्या कराराच्या अटी जनतेपुढे ठेवाव्यात. सार्वजनिक पैशाने झालेल्या संशोधनात गुप्ततेला जागा नाही. दुसरी, ३९व्या कलमाचा हक्क पेटंटपुढेही अबाधित राहील, असे कायद्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या जागी आणावयाच्या नव्या विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने लोकांपुढे ठेवला. बियाण्याच्या कायद्याला हात घातलाच आहे, तर ही फटही बुजवावी. तिसरी, कर्जतच्या संशोधन केंद्राने आणि तालुक्याच्या कृषी खात्याने कळंब परिसरातील वाड्यांवर जाऊन तेथील जुन्या भातांची शेतकऱ्यांच्या नावे नोंद करून द्यावी. अशा नोंदणीत शेतकऱ्याला फी माफ आहे. अर्ज भरून देणारा माणूस तेवढा हवा.

ह्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला आणि उपासमार सोसली. त्या आणि तशा लढ्यांतून ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व कायद्यात आले आणि १ एप्रिल १९५७ ह्या दिवशी कूळ जमिनीचा धनी झाला. जमिनीवरची खोती गेली. आता दाण्यावर नवी खोती बसू पाहत असेल, तर ती बसण्यापूर्वीच रोखणे हे शहाणपणाचे. बसल्यावर उठविण्यास किती वर्षे आणि किती माणसे लागतात, हे कुलाब्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. जमीन ज्याची, त्याच्या कणगीतले बीही त्याचेच असले पाहिजे.