तहकूब सभेचे गाव

१५ ऑगस्ट. झेंडावंदन आटोपले, पोरे जिलेबी घेऊन पांगली. देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरलेली. तिच्यावर नऊ माणसे. गावातले पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतला जो आकडा लहान असेल तितके लोक ग्रामसभेला हवेत. ग्रामसेवक अर्धा तास वाट पाहतो आणि वहीत लिहितो : गणपूर्तीअभावी सभा तहकूब. गंमत अशी की तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. तेच नऊ जण बसले तरी घरकुलाच्या यादीपासून रस्त्यापर्यंत सगळे मंजूर.

असे गाव पाहिले की 'नेतृत्व नाही हो' अशी हळहळ होते आणि सरपंचाला प्रशिक्षणाला धाडले जाते. प्रशिक्षण वाईट नाही, पण शिकून येतो एकटाच. राज्याने २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरवले, २०२० मध्ये ते मोडले, २०२२ मध्ये पुन्हा आणले. पाच वर्षे वाद चालला तो खुर्चीचा. सतरंजीवर कोण बसते, हे कोणी विचारले नाही.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव आहे. तिथे ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. पण त्याआधी अभ्यासगट बसतो. कायदा, जंगल, बांबू, जो प्रश्न असेल त्यावर ज्याला यायचे तो येतो, बाहेरचा जाणकारही बसतो. तिथे निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचे. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावे बाहेर गाजली. गावाचे बळ मात्र या बैठकीत आहे. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. गाव अडून बसले आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. वनहक्क कायद्याचे कलम गावकऱ्यांना आधीच पाठ होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट सांगतानाही सगळे १९८९ मध्ये सरपंच झालेल्या पोपटराव पवारांवरच थांबतात. तिथला पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, यंदा पाऊस किती आणि त्यावर कोणते पीक झेपेल ते तिथे ठरते, हे मात्र सहसा सांगायचे राहून जाते.

मेंढ्यात घरे थोडी, माणसे एका समाजाची; पाच हजारांच्या, चार पक्षांच्या गावात असे कसे जमेल? सगळे नाहीच जमणार. पण अभ्यासगटाला गणपूर्ती लागत नाही आणि निवडणूकही. सतरंजी भरायचीही वाट आहे : ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. ती बऱ्याच गावांत कागदावर होते, कारण सांगतात की बायका येत नाहीत. ऑगस्टात निंदणी चालू असते. सकाळी दहाच्या सभेला यायचे तर बाईचा रोज बुडतो. सभेची नोटीस काढताना संध्याकाळी सातची वेळ टाकायला शासनाच्या परवानगीची गरज नाही.