गाळाची साक्ष

खाडीचे पाणी निवळ दिसू लागले की प्रदूषण सरले, असा आपला समज होतो. तो तपासून पाहिला पाहिजे. सांडपाण्यातून आलेले पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू पाण्यात फार काळ राहत नाहीत. नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळते तेथे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि धातूंसह तळाशी बसतात. सेंद्रिय कचरा कालांतराने कुजतो. धातूंचे मात्र विघटन होत नाही.

जपानमधील मिनामाता येथे पाऱ्यामुळे जडणारा आजार १९५६ साली उघडकीस आला. पारायुक्त सांडपाणी सोडणे १९६८ मध्ये थांबले. परंतु उपसागराच्या तळाचा दूषित गाळ काढण्याचे काम १९९० पर्यंत चालले.

आपल्याकडे ठाणे खाडीला २०२२ साली रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिच्या काठी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, आणि तिच्याच चिखलात रोहित पक्षी अन्न शोधतात, खेकडे व निवट्या वाढतात. म्हणून केवळ पाण्याचे नमुने तपासून समाधान मानणे योग्य नव्हे. गाळाचीही नियमित तपासणी व्हावी, विशेषतः तो उपसण्यापूर्वी. कारण ढवळलेल्या गाळातून धातू पुन्हा पाण्यात उतरू शकतात. तपासणीचे निष्कर्ष खाडीकाठच्या लोकांना सोप्या मराठीत कळावेत. गाळातील नोंद वाचण्याचे आपण टाळले, तर तिची झळ प्रथम त्या चिखलावर पोट असणाऱ्या कोळी कुटुंबांनाच बसेल.