आटे गेले, तर तसे सांगा

स्क्रूला मराठीत 'मळसूत्र' असा सुरेख शब्द आहे. आज तो शब्दकोशात पडून आहे, गॅरेजमध्ये त्याचा उच्चार कोणी करत नाही. पण मळसूत्रावरच्या वळणांना आपण 'आटे' म्हणतो, तो शब्द मात्र अजून जिवंत आहे. ज्यांच्या घरी फिरकीचा तांब्या होता, त्यांना आटे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. झाकण तिरके बसवून जोर केला की ते अडकायचे आणि पितळेचे आटे झिजायचे. म्हणून जाणत्या बायका झाकण आधी थोडे उलटे फिरवत, आटा जागी बसल्याचे बोटांना कळले की मगच आवळत. मोटारीच्या इंजिनाला नेमका हाच नियम लागू पडतो.

वाचक म्हणतील, कला शाखेचा पदवीधर, त्यात सरकारी कारकून, याला इंजिनातले काय कळते? प्रश्न रास्त आहे. मी मिस्त्री नव्हे, पैसे मोजणारे गिऱ्हाईक आहे. पण गिऱ्हाईक म्हणूनच एक मत मांडायचे आहे. इंजिनातले आटे जाणे हा गुन्हा नव्हे. गेलेले आटे लपवून गाडी परत देणे हा मात्र दोष आहे, आणि त्या लपवाछपवीला आपली गिऱ्हाईकी रीतही कारणीभूत आहे.

आधी आटे का जातात ते पाहू. आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादाचा. पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ. दोघांत झटापट झाली की हार ॲल्युमिनियमचीच. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम इंजिनात बोल्ट काढघाल केली तर आट्यांवर जास्तच ताण येतो. आणि सगळा भार सगळे आटे सारखा वाटून घेतात असेही नाही. पहिले दोन-तीन आटेच बराचसा भार उचलतात. ते गेले की मागचे एकामागून एक जातात.

आता गुंजीची गोष्ट. पणजीहून बेळगावला जाणाऱ्यांना हे गाव ठाऊक असेल. अनमोड घाट चढून रामनगर, लोंढा मागे टाकले की खानापूरच्या आधी ते लागते, रेल्वे स्टेशनही आहे. एका लग्नाला जाताना तिथे आमच्या गाडीच्या तापमानाचा काटा वर चढला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. गोव्यात एका गॅरेजमध्ये महिन्यापूर्वीच थर्मोस्टॅट बदलून घेतला होता. रस्त्याकडेच्या मिस्त्रीने इंजिन निवेपर्यंत हात लावला नाही. मग थर्मोस्टॅटच्या झाकणाचा एक बोल्ट सोडला, तर तो पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी बाहेर आला. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती आणि वर कसलेसे सीलंट थापलेले.

"आटं गेल्यात सायेब. ज्यानं बसवलं त्याला ठावं होतं की," तो म्हणाला.

मी म्हटले, "जरा जोरात आवळून बेळगावपर्यंत जाता येईल का?"

"आवळायला धरणार कशाला? भोकात कायच नाही. दोन तास द्या, नीट करून देतो."

त्याच्याकडे एका डब्यात हेलिकॉइलचा संच होता. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेचे वेटोळे. बोल्ट ८ मिलिमीटरचा असेल तर भोक साधारण ८.३ मिलिमीटरचे करायचे, त्यात खास टॅप फिरवून नवे आटे पाडायचे आणि त्या आट्यांत हे वेटोळे पिळून बसवायचे. आतल्या बाजूने पुन्हा ८ मिलिमीटरचेच आटे तयार होतात, म्हणून मूळचाच बोल्ट चालतो. मिस्त्रीने पाण्याच्या वाटेत चिंधी कोंबली, ड्रिलला ग्रीस लावले म्हणजे कीस चिकटून राहावा, टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा सावकाश चालवला. वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली बसवून त्याची आडवी शेपटी तोडली आणि आठवणीने बाहेर काढली. शेवटी बोल्ट हाताने तीन-चार फेरे फिरवून मगच पाना लावला. लग्नाचा मुहूर्त चुकला, पण इंजिन वाचले. पाणी संपलेल्या इंजिनात तसेच पुढे गेलो असतो तर हेड वाकले असते, आणि तो खर्च कारकुनाच्या महिन्याच्या पगारात बसत नाही.

यातली मौज अशी की ही मलमपट्टी नव्हे. विमानांच्या ॲल्युमिनियमच्या भागांत अशी वेटोळी नवा भाग बनवतानाच बसवतात, कारण मऊ धातूतल्या मूळ आट्यांपेक्षा ती जास्त टिकतात. म्हणजे नीट दुरुस्त केलेले भोक मूळच्या भोकापेक्षा भक्कम. मग लपवायचे कशाला?

याचे उत्तर गॅरेजवाल्याच्या बाजूनेही पाहायला हवे. थर्मोस्टॅट बदलायची मजुरी ठरलेली. त्यात आटे गेले आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितले, तर आपण काय म्हणतो? "तूच घालवलेस, तूच भर." कधी ते खरेही असते. पण कधी आटे आधीच्या कोणीतरी अर्धेअधिक मारलेले असतात आणि शेवटचा पाना बिचाऱ्या याचा असतो. त्यातून आपली घाई, "संध्याकाळी गाडी हवी," आणि वर "घट्ट आवळ रे" हा उपदेश. घट्ट म्हणजे किती, याचेही माप असते. ८ मिलिमीटरच्या अशा बोल्टला बहुधा २० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरते, म्हणजे २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला १० किलोची ओढ. त्यासाठी टॉर्क रेंच मिळतो. पण जोर म्हणजेच काळजी, अशी आपली समजूत.

ज्या बेळगावकडे आम्ही निघालो होतो, तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज उद्यमबागेत फाउंड्र्या आणि यंत्रशाळा आहेत. या पट्ट्यात छोट्या दुकानातल्या हातकामाला कमी लेखायची रीत नव्हती, म्हणून त्यातून कारखाने उभे राहिले. आपल्याकडे मात्र 'रिपेअर केलेले' हा शब्द हिणवण्यासारखा वापरला जातो.

कारकून असल्यामुळे मला उपायही कारकुनीच सुचतो. नोंद ठेवा. कचेरीत फायलीवर चुकीचा शेरा पडला तर तो खरडून काढत नाहीत, एक रेघ मारून खाली नवा शेरा लिहितात आणि सही करतात. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातही तसेच एक ओळ लिहायला काय हरकत आहे? अमुक बोल्टचे आटे गेले, वेटोळे बसवले, तारीख. पुढच्या मिस्त्रीला कळेल, गाडी विकत घेणाऱ्याला कळेल. आणि मिस्त्रीने आपणहून सांगितले तर आधी आवाज चढवू नये. दोष कोणाचा ते नंतर बोलता येते. त्या दोन तासांची मजुरी मात्र कुरकुर न करता द्यावी. त्याने वेळ मागितला, तो वेळ आपल्याच इंजिनासाठी असतो.