विहीर माझी, जीव कोणाचा?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत शेततळी वाढली, विहिरी खोल गेल्या, रानडुकरांच्या भीतीने उसाभोवती तारा आल्या. ‘माझ्या रानात कोणी आलं आणि काही झालं, तर मी काय करू?’ हे वाक्य त्याबरोबर सर्रास ऐकू येतं. कायद्याला ते मान्य नाही. ग्रामसभांनीही ते खपवून घेऊ नये.

१. हद्दीचा हक्क खरा आहे. गुन्हा करायला, धमकवायला, अपमान करायला किंवा त्रास द्यायला दुसऱ्याच्या रानात शिरलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बांधावरून धावलेली शेळी आणायला आलेलं पोर यात बसत नाही. आणि कोणी बसलाच, तरी शिक्षा न्यायालयानं द्यायची, तारेनं नव्हे.

२. तारेचा प्रश्न १९६३ मध्येच सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आहे. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा तो खटला. शेजारच्या घरातल्या संडासाची भिंत पडली, म्हणून तिथली बाई आरोपीच्या संडासात जाऊ लागली. त्यानं वाटेवर वीज सोडलेली उघडी तार लावली, बाई गेली. ‘ती विनापरवाना आली होती, मी मालमत्तेचं रक्षण केलं,’ हा त्याचा बचाव न्यायालयानं फेटाळला आणि निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम ठेवली. विनापरवाना आलेल्या माणसाचाही जीव कायद्याच्या संरक्षणात असतो. आज अशा गुन्ह्याला कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. डुकरासाठी सोडलेला करंट रात्री पाणी धरायला निघालेल्या शेजाऱ्याला ओळखत नाही.

३. शेततळं विहिरीपेक्षा फसवं. वरून उथळ, शांत दिसतं. आत उतरता प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पाय टेकत नाही, हाताला धरायला काही नाही. पट्टीचा पोहणाराही दमून बुडतो. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडले आणि भोवती जाळी मारली, तर बरेच जीव वाचतील. लाखो रुपयांच्या तळ्यापुढे दोरांचा खर्च तो काय? ऊसतोड मजुरांच्या कोप्या अशाच रानांत पडतात, आणि दिवसभर आईबाप फडात असताना पोरं एकटी असतात.

४. कामाला बोलावलेल्या माणसाबाबत तर जबाबदारी आणखी मोठी. ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत विहिरीच्या रिंगचं काम चालू असताना माती ढासळून ४ कामगार गाडले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये बारामतीच्या खांडजमध्ये शेण-मूत्राच्या टाकीत ४ जण गुदमरून गेले; एकाला वाचवायला दुसरा उतरत गेला. अशा ठिकाणी माणूस उतरवण्याआधी मातीचा आधार आणि विषारी वायू तपासणं हे मालकाचं आणि ठेकेदाराचं काम आहे, नशिबाचं नाही.

५. बोअरबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच नियम घालून दिले: खोदण्याच्या १५ दिवस आधी प्रशासनाला कळवणं, कामाभोवती कुंपण, आणि पाणी न लागलेला बोअर तळापासून वरपर्यंत भरणं. नुसता दगड ठेवला म्हणजे बोअर बुजला असं होत नाही.

६. इंग्लंडमध्ये जागेच्या मालकानं पाहुण्याची काळजी कशी घ्यावी यासाठी १९५७ चा कायदा आहे, आणि न बोलावता आलेल्यांसाठी १९८४ चा. आपल्याकडे असा एकसंध कायदा नाही. तरी १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली मृताच्या कुटुंबाला दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते. मजुराच्या विधवेनं ती लढाई वर्षानुवर्षं लढावी, यापेक्षा तळ्याला जाळी लावणं सोपं आहे.

७. म्हणून मागणी एवढीच. गाळप हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीनं उघड्या विहिरी, शेततळी आणि बंद बोअर यांची गटनंबरनिहाय यादी करावी, ती ग्रामसभेत वाचावी आणि मालकांना मुदत द्यावी. कुंपणात वीज सोडणाऱ्याची तक्रार महावितरण आणि पोलीस ठाण्यात ग्रामपंचायतीनंच द्यावी, कारण भावकीत राहून एकट्या शेजाऱ्याला ती देता येत नाही.