गळ्यातला कॅमेरा कमरेला

जयपूरच्या चारदीवारीत शिरताना दोन्ही हात मोकळे हवेत. एक हात पर्स सांभाळायला, दुसरा ई-रिक्षा थांबवायला. आणि बापू बाजारात गेलात तर तिसराही लागतो, मोजडीवाल्याला ‘नको, नको’ म्हणायला! अशा गर्दीत सव्वा किलोचा कॅमेरा ठेवायचा कुठे, हा आजचा विषय.

‘फोन असताना कॅमेरा कशाला?’ असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणते. पण माझ्या बाबांना ते पटत नाही. त्यांचा निकॉन डी७२०० बॅटरीसकट ७६५ ग्रॅमचा आणि त्यावरची १८-१४० ची लेन्स ४९० ग्रॅमची. एवढं वजन त्यांनी वर्षानुवर्षं गळ्यात वागवलं. मग मानेचं दुखणं सुरू झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात काहीही अडकवायचं नाही. कॅमेरा कपाटात गेला तो दोन वर्षं बाहेर आला नाही. बाबा तक्रार करत नाहीत, पण सहलीला गेल्यावर दर दहा मिनिटांनी त्यांचा हात छातीशी जातो, तिथे नसलेला कॅमेरा चाचपायला. ते बघवत नाही हो.

म्हणून यंदा संक्रांतीला आम्ही तिघं जयपूरला निघालो, तेव्हा मी ऑनलाइन एक कॅमेरा क्लिप मागवली. ही वस्तू तुम्ही पाहिली नसेल तर थोडक्यात सांगते. धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्यांच्यामध्ये सॅकचा खांद्यावरचा पट्टा धरायचा आणि दोन स्क्रूंनी आवळायचा. कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडसाठी पाव इंची स्क्रूचं भोक असतंच, तिथे एक छोटी चौकोनी प्लेट बसवायची. ही प्लेट क्लिपच्या खाचेत वरून सरकवली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि कॅमेरा छातीच्या एका बाजूला, लेन्स जमिनीकडे, असा लटकतो. बटण दाबलं की हातात. पाव इंची स्क्रू जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो, त्यामुळे कंपनी कुठली याची फार चिंता नको. सॅन फ्रान्सिस्कोच्या पीक डिझाइनने २०११ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे जमवून अशी क्लिप बाजारात आणली. आता तिच्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त क्लिपा ढिगाने मिळतात. माझी अशीच एक स्वस्तातली.

पहिल्या दिवशी क्लिप माझ्या सॅकला लावली. म्हटलं, आधी मी वापरून बघते, मग बाबांना देते. त्रिपोलिया बाजारातून आम्ही मणिहारों का रास्ता या गल्लीत वळलो. लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांची ही गल्ली. निखाऱ्यावर लाख मऊ करून, लाकडी दांड्यावर वळून, तुमच्या मनगटाच्या मापाची बांगडी समोर करून देतात. मी वाकून बघत होते आणि बांगडीवाली एकदम ओरडली, “बेटी, कैमरा!” कॅमेरा प्लेटपासून सुटून तिरका झाला होता. मी लेन्सला धरून कसाबसा पकडला. बाबा मागेच उभे होते. ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

रात्री हॉटेलवर सगळं उलगडून पाहिलं. क्लिप जागच्या जागी घट्ट होती. सैल झाला होता तो प्लेटचा स्क्रू. मी तो बोटांनी आवळला होता! जड लेन्स प्रत्येक पावलाला झुलते, झुलताना कॅमेरा प्लेटवर किंचित वळतो आणि स्क्रू केसाकेसाने सुटत जातो. हा स्क्रू ॲलन कीने, म्हणजे सायकलवाल्याकडे असतो त्या सहा बाजूंच्या वाकड्या पान्यानेच आवळायचा. प्लेटच्या वरच्या बाजूला रबर असेल तर उत्तम, ते कॅमेऱ्याला घसरू देत नाही. क्लिप विकत घेताना लोक तिच्यावर किती किलो वजन पेलतं हा आकडा बघतात. मीही तोच पाहिला होता. पण कॅमेरा पडतो तो या बोटभर स्क्रूमुळे. तेव्हा दुकानात आधी प्लेट हातात घ्या. आणि छोटा मिररलेस कॅमेरा असेल तर प्लेट बसवल्यावर बॅटरीचं झाकण उघडतंय ना, तेही पाहा.

दुसऱ्या दिवशी सिटी पॅलेसमध्ये थोडं बरं वाटलं. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे, १८३५ ते १८८० या काळात गादीवर असलेले, स्वतः हौशी फोटोग्राफर होते. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह इथल्या संग्रहालयात आहेत. तेव्हा काच रसायनाने ओली करायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत धुवायची. म्हणजे कॅमेऱ्यासोबत लाकडी स्टँड, बाटल्या आणि अंधारी जागा, सगळा संसार बरोबर. आई म्हणाली, “त्यांना काय, उचलायला माणसं होती.” बाबा हसले. मला हायसं वाटलं.

मग हॉटेलवर बसून आम्ही पर्याय धुंडाळले. एक म्हणजे कमरेचं होल्स्टर. सिनेमातल्या पिस्तुलासारखं. कॅमेऱ्याच्या तळाला एक खुंटी बसते आणि ती कमरेच्या पट्ट्यावरच्या खाचेत अडकते. स्पायडर नावाची कंपनी यासाठी फोटोग्राफर मंडळींत ओळखली जाते. वजन थेट कमरेवर येतं, मान आणि खांदे मोकळे. पण आईने लगेच विचारलं, “कुर्त्यावर बेल्ट कुठे बांधू? सलवारीच्या नाडीला?” बरोबर आहे. या वस्तूंच्या जाहिरातींत सगळे पुरुष, सगळे डोंगरावर, सगळे ट्रेकिंगच्या पँटमध्ये. साडी नेसून लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाईला कमरेचं होल्स्टर वापरायचं तर वेगळा रुंद पट्टा वरून बांधावा लागेल, आणि पदर त्यात अडकणार नाही हे पाहावं लागेल. शिवाय कमरेला बाहेर आलेला कॅमेरा जोहरी बाजाराच्या गर्दीत स्कूटरच्या हँडलला लागू शकतो, आणि ई-रिक्षात बसलं की मांडीत रुततो.

दुसरा पर्याय छातीवरच्या हार्नेसचा. कॅनडाच्या कॉटन कॅरियरचं असं जाकीट प्रसिद्ध आहे. दोन-दोन किलोचे कॅमेरे दिवसभर वागवणाऱ्यांना ते सोयीचं. पण पट्टे खांद्यांवरून मानेजवळूनच जातात, तेव्हा बाबांसाठी आम्ही तो पर्याय बाद केला. मे महिन्यात तर घालवणारही नाही.

राहिली क्लिप. तिच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं मी तेव्हा वाचलं: ही साध्या बेल्टलाही लागते! बाबांच्या पँटच्या बेल्टला लावून बघितली. दहा पावलांत ते एका हाताने पँट सावरायला लागले. आई खो खो हसत सुटली. मग बाजारातून जाड चामड्याचा, न वाकणारा पट्टा घेतला आणि स्वेटरवरून स्वतंत्र बांधला. क्लिप उजव्या कमरेला, थोडी मागे. प्लेटचा स्क्रू पान्याने आवळला. आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीतून एक हातभर मजबूत दोरी काढून ती बेल्टला बांधली. क्लिप सुटलीच तर कॅमेरा फरशीवर आपटू नये. ही दोरी तुम्हीही बांधा, महागातली क्लिप असली तरी.

नंतर पलंगाजवळ उभं राहून बाबांनी वीस उड्या मारल्या. कॅमेरा पडलाच असता तर गादीवर. हॉटेलमधल्या खालच्या खोलीतल्या लोकांची इथूनच माफी मागते.

तुमचं दुखणं खांद्याचं असेल तर कमरेवर घ्या. मान-खांदे ठीक असतील आणि दोन पट्ट्यांची सॅक वापरत असाल तर खांद्यावरची क्लिपच बरी, कारण कॅमेरा डोळ्यांसमोर राहतो आणि गर्दीत कुणी हात घातला तर कळतं. छातीवरचं आडवं बकल मात्र लावा, नाहीतर एक खांदा पुढे ओढला जातो. पाण्याची बाटली दुसऱ्या बाजूला ठेवा. एका खांद्यावरच्या झोळीला क्लिप लावू नका, ती घसरते. आणि कॅमेरा दोन किलोच्या पुढे जात असेल तर स्वस्त क्लिपेचा मोह टाळा. हे माझं मत आहे, पण मणिहारों का रास्त्यात तयार झालेलं.

१४ तारखेला सकाळी आम्ही हवामहलसमोरच्या एका कॅफेच्या गच्चीवर गेलो. हवामहलची दर्शनी बाजू पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्या ९५३ खिडक्यांवर पडतं. संक्रांत असल्यामुळे आकाश पतंगांनी भरलेलं. आई तिळगुळाचा डबा उघडत होती. बाबांनी बटण दाबून कॅमेरा कमरेवरून काढला, फोटो काढला, परत अडकवला. टक्. पुन्हा काढला. बराच वेळ तेच चाललं होतं. तासाभराने आईने विचारलं, “मान कशी आहे?” त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण समोर एका कटलेल्या पतंगामागे तीन पोरं धावत होती.

खाली उतरायच्या आधी मी तो स्क्रू पुन्हा एकदा आवळला.